परसबागेत काळसर टोमॅटो: वाण कोणतं, लावायचं कधी, फळं जास्त कशी धरायची आणि बी घरी कसं राखायचं

मोबाईलवर सध्या काळ्या टोमॅटोचे व्हिडिओ भरपूर फिरतात. कुणी शाईसारखं काळंभोर फळ दाखवतं, कुणी एकरी लाखोंचं उत्पन्न सांगतं, कुणी हा टोमॅटो खाऊन साखर उतरते म्हणतं. दहा-वीस बियांचं पाकीट बरेच पैसे मोजून मागवलं जातं, बी उगवतं, झाड छातीएवढं होतं आणि मग एकतर फुलं गळतात, नाहीतर पानं आक्रसून झाड बसतं. फळ आलंच तर ते काळं नसून तांबूस-तपकिरी निघतं आणि घरातले म्हणतात, फसवलं!

खरं तर दर वेळी फसवणूक झालेली नसते. काळसर टोमॅटोची जुनी सरळ वाणं आहेत, ती चवीला उत्तम आहेत आणि महाराष्ट्राच्या हिवाळ्यात परसबागेत चांगली येतात. फक्त त्यांची तऱ्हा बाजारातल्या संकरित टोमॅटोसारखी नाही. ती समजून लावली तर चार झाडांत घरच्या कोशिंबिरीची सोय होते आणि पुढच्या वर्षीचं बी विकत घ्यावं लागत नाही. न समजता अर्धा एकर लावली तर पैसे आणि हंगाम दोन्ही जातात.

थोडक्यात

• काळसर टोमॅटो म्हणजे पूर्ण काळा नव्हे. पिकल्यावर तो तपकिरी-जांभळट दिसतो आणि देठाजवळ हिरवट राहतो.
• पहिल्यांदा लावताना छोट्या फळाचं ब्लॅक चेरी निवडा. फळं जास्त आणि चुका पोटात घालणारं वाण.
• बी टाकण्याची वेळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. कोकणात पाऊस ओसरल्यावर.
• या वाणांना बोकड्या रोगाचा प्रतिकार नाही. रोपवाटिकेत पांढरी माशी अडवणं हीच अर्धी लढाई.
• पाणी एकसारखं द्या. फळ तडकणं आणि बूड काळं पडणं बहुतेक वेळा पाण्याच्या ओढाताणीमुळेच होतं.

काळा रंग येतो कुठून?

नेहमीचा टोमॅटो पिकताना त्यातलं हिरवं द्रव्य, म्हणजे हरितद्रव्य, नाहीसं होतं आणि लायकोपीन नावाचं लाल द्रव्य तयार होतं. काळसर वाणांमध्ये लाल द्रव्य तर येतंच, पण हिरवं द्रव्य पूर्ण जात नाही. लाल आणि हिरवा एकत्र आले की डोळ्याला तपकिरी, चॉकलेटी किंवा मातकट जांभळा रंग दिसतो. त्यात सालीचा फरक पडतो. साल पिवळसर असेल तर फळ तपकिरी दिसतं, साल पारदर्शक असेल तर जांभळट दिसतं.

दुसरा प्रकार निळसर-काळ्या टोमॅटोचा. जांभळात आणि वांग्याच्या सालीत जे जांभळं द्रव्य असतं त्याच जातीचं द्रव्य या टोमॅटोच्या सालीत तयार होतं. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्य विद्यापीठाने रानटी टोमॅटोशी संकर करून, पुढे निवड करत २०१२ मध्ये 'इंडिगो रोझ' हे असं वाण आणलं. याची साल खरोखर काळीभोर होते, पण ऊन लागलेल्या बाजूलाच. पानाआड झाकलेला भाग हिरवा राहतो आणि पिकला की लाल होतो. आतला गर लालच असतो. हे वाण जुनं नाही, अलीकडचं आहे.

तिसरा प्रकार बागायतदाराने फक्त ओळखून ठेवायचा. आतून बाहेरून सगळा जांभळा असा एक टोमॅटो २०२४ पासून अमेरिकेत घरगुती बागांसाठी विकला जातो. तो स्नॅपड्रॅगन या फुलझाडातली जनुकं घालून तयार केलेला आहे, म्हणजे जीएम. भारतात जीएम भाजीपाल्याच्या लागवडीला परवानगी नाही. त्यामुळे आतला गर गडद जांभळा दाखवणारा फोटो पाकिटावर असेल, तर आत तसलं बी असण्याची शक्यता जवळपास नाही, आणि असलं तर ते लावणं कायद्यात बसत नाही.

जुनं सरळ वाण म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला एअरलूम म्हणतात ते म्हणजे घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं सरळ वाण. आपल्याकडे आजीच्या गाडग्यात राखेत ठेवलेलं वालाचं, दुधी भोपळ्याचं बी असायचं, तसंच. सरळ वाणाच्या फळातलं बी पेरलं की पुन्हा तसंच झाड येतं. संकरित वाणाच्या फळातलं बी पेरलं तर पुढच्या पिढीत झाडं फुटतात, म्हणजे एक आईवर जातं, एक बापावर, एक भलतीकडेच.

संकरित वाण मुळीच वाईट नाहीत. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं 'अर्का रक्षक' हे संकरित वाण बोकड्या, जीवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा अशा तिन्ही रोगांना तोंड देतं. काळसर जुन्या वाणांकडे असं कुठलंच चिलखत नाही. म्हणून जाणकार सांगतात की रोजच्या भाजीचा भरवसा संकरित झाडांवर ठेवावा आणि चवीची हौस काळ्या झाडांवर भागवावी. परसात दोन्हींना जागा असते.

कोणतं वाण लावायचं?

ब्लॅक चेरी: बोराएवढी किंवा थोडी मोठी जांभळट फळं, घोसाने लागतात. लागवडीनंतर साधारण ६५ ते ७५ दिवसांत तोडणी सुरू होते. फळ लहान असल्याने झाडावर ताण कमी, उष्णतेतही फळधारणा मोठ्या फळांपेक्षा बरी. ते फार जुनं नाही, पण सरळ वाण आहे आणि बी राखता येतं. पहिल्या वर्षी हेच.

ब्लॅक क्रिम: नावातलं क्रिम म्हणजे क्रायमिया, काळ्या समुद्रातलं द्वीपकल्प. चपटी, २०० ते ३५० ग्रॅमची फळं, गर्द तपकिरी, देठाजवळ हिरवी झाक. चव किंचित खारट-गोड. ऊन चांगलं मिळालं की रंग जास्त गडद होतो. दोष एकच, साल पातळ, लवकर तडकते.

चेरोकी पर्पल: अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातलं वाण. १९९० मध्ये जॉन ग्रीन यांनी थोडं बी टपालाने क्रेग लहूलियर या बागप्रेमी रसायनशास्त्रज्ञाला पाठवलं. चेरोकी आदिवासींकडून शंभरेक वर्षांपूर्वी हे बी एका घराण्यात आलं, असं त्या पत्रात सांगितलं होतं. त्यावरून हे नाव पडलं. एका लिफाफ्यातून निघालेलं हे बी आज जगभर पोचलं आहे. फळ मोठं, गरदार, आंबटपणा कमी. फळं थोडी पण एकेक भरीव.

पॉल रोबसन: रशियात तयार झालेलं, अमेरिकी कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांच्या नावाचं वाण. चवीसाठी नावाजलेलं, उत्पादन मध्यम.

ही सगळी वाणं सतत वाढणारी आहेत. झाड ६ ते ८ फूट जातं. बुटकं राहून एकदम फळ देणारं झाड डोळ्यासमोर ठेवून यांची जागा ठरवू नये.

उत्पादन किती धरायचं? मोठ्या फळाच्या झाडाकडून नीट निगा राखून हंगामात दोन-तीन किलो मिळाले तरी समाधान मानावं. संकरित झाडाशी बरोबरी करायला गेलं तर निराशाच पदरी पडते. दोन झाडं ब्लॅक चेरीची आणि दोन मोठ्या फळाची, एवढं चार-पाच माणसांच्या घराला सुरुवातीला पुरे.

बियाणं घेताना

पाकिटावर वाणाचं नाव, उगवणीची टक्केवारी, चाचणीची तारीख आणि मुदत आहे का ते बघा. नुसतं 'काळा टोमॅटो, दुर्मिळ, विदेशी' एवढंच लिहिलेलं पाकीट घेऊ नका. वाणाचं नाव नसेल तर काय उगवणार याची जबाबदारी कुणावरच नसते. 'एफ-१' लिहिलं असेल तर ते संकरित आहे, त्याचं बी राखून उपयोग नाही.

परदेशातून थेट टपालाने बी मागवू नये. आयातीचा परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला असल्याशिवाय बियाणं देशात आणता येत नाही. नियम जाचक वाटला तरी कारण साधं आहे. टुटा नावाची टोमॅटोची नागअळी दक्षिण अमेरिकेतली, ती २०१४ मध्ये महाराष्ट्रात आढळली आणि मग देशभर पसरली. बाहेरची एक कीड आत आली की ती परत जात नाही.

सगळ्यात चांगलं बी म्हणजे ओळखीच्या माणसाने आपल्या परसात पिकवून राखलेलं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक अशाच देवाणघेवाणीतून उभी केली. त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. वाण देशी असो की बाहेरून आलेलं, बी टिकवण्याची रीत तीच.

वेळ साधली तर अर्धं काम झालं

टोमॅटोला दिवसा २१ ते ३० अंश आणि रात्री १५ ते २० अंश तापमान मानवतं. दिवसाचा पारा ३५ च्या वर गेला किंवा रात्री उकाडा राहिला की परागकण निकामी होतात आणि फूल देठासकट गळतं. मोठ्या फळाची जुनी वाणं याबाबत जास्तच नाजूक. शिवाय ३० अंशांच्या पुढे लाल द्रव्य नीट तयार होत नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये पिकलेलं काळसर फळ पिवळट-मळकट दिसतं. वाण तेच, दोष उन्हाचा.

• पश्चिम महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ: ऑगस्टअखेर ते सप्टेंबर मध्यापर्यंत बी टाका, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर मध्यापर्यंत रोपं लावा. फुलं नोव्हेंबरात येतात, फळं डिसेंबर ते फेब्रुवारी. विदर्भात, जिथे टोमॅटोला भेद्रं म्हणतात, मार्चच्या उन्हाआधी बहुतेक तोडणी उरकली पाहिजे.
• निफाडसारखा कडाक्याच्या थंडीचा पट्टा: पारा १० च्या खाली गेला की फळधारणा थांबते. म्हणून बी ऑगस्टअखेरीसच टाका, म्हणजे थंडी वाढण्याआधी पहिले घोस धरतात.
• कोकण: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. पावसात लावलेली रोपं करप्याने जातात.

रोपं तयार करणं

कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं-निम्मं घ्या. ट्रे नसेल तर कागदी कप चालतात, बुडाला भोक हवं. मिश्रणात चिमूटभर ट्रायकोडर्मा पावडर मिसळली तर रोपं कोलमडण्याचं प्रमाण कमी होतं. बी अर्धा सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नका. ५ ते ८ दिवसांत उगवतं. उगवल्याबरोबर कप उन्हात आणा. सावलीत ठेवलेली रोपं दोऱ्यासारखी उंच होतात आणि मान टाकतात. पाणी सकाळी, बेताने. चिखल झाला की रोप बुडाशी कुजतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिल्या दिवसापासून रोपं झाकून ठेवा. बोकड्या म्हणजे पर्णगुच्छ रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि जेवढ्या लहानपणी रोपाला होतो तेवढं नुकसान जास्त. साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून ही माशी आरामात आत जाते. बारीक विणीची कीडरोधक जाळी किंवा पातळ मलमलचं कापड काड्यांवर ताणून लावा आणि कडा मातीने दाबा.

२५ ते ३० दिवसांनी, ४ ते ६ पानं झाली की रोप लावणीला तयार. त्याआधी चार दिवस पाणी थोडं कमी करून रोप काटक करा.

जागा, माती आणि लावणी

दिवसातून किमान ६ तास थेट ऊन मिळेल अशी जागा हवी. जिथे मागच्या वर्षी वांगी, मिरची, बटाटा किंवा टोमॅटो होता ती जागा टाळा, कारण रोग तेच असतात.

दीड फूट लांब-रुंद आणि फूटभर खोल खड्डा घ्या. ४-५ किलो चांगलं कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळा. ओलं शेण घालू नका. त्यातून हुमणी येते, शिवाय नत्र जास्त झालं की झाड नुसतं पानावर जातं. काळ्या भारी जमिनीत पाणी साचतं, तिथे वीतभर उंच गादीवाफा करून लावा. दोन झाडांत २ फूट आणि दोन ओळींत ३ फूट अंतर ठेवा. सुरुवातीला उघडंबोडकं वाटतं, पण दीड महिन्यात वारा खेळायला तेवढी जागा लागतेच.

जमीन नसेल तर गोणी चालते. सिमेंटची रिकामी गोणी साधारण ३५ लिटरची असते. उलटी करून नीट धुवा, बुडाला भोकं पाडा, चेरी टोमॅटोला ती भरपूर झाली. मोठ्या फळाच्या झाडाला ४०-५० लिटरचा ड्रम किंवा पिंप हवं. कीटकनाशकाचे डबे, ड्रम धुऊनसुद्धा वापरू नका.

रोप संध्याकाळी लावा. खालची दोन पानं काढून खोड पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडा. टोमॅटोच्या खोडाला मातीत मुळं फुटतात, त्यामुळे झाड घट्ट बसतं. आधाराची काठी त्याच दिवशी रोवा. नंतर रोवली तर मुळं तुटतात. ७ फुटी बांबू किंवा आडव्या तारेला बांधलेली सुतळी, काहीही चालेल. खोड बांधताना सुतळीला आठाच्या आकड्यासारखा पीळ द्या, म्हणजे खोड आवळत नाही.

फुटवे किती ठेवायचे?

पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणाऱ्या फुटव्याला बगलफूट म्हणतात. मोठ्या फळाच्या वाणात मुख्य खोड आणि पहिल्या फुलाच्या घोसाखालची एक बगलफूट एवढीच ठेवा, बाकीच्या बोटाएवढ्या असतानाच खुडा. ब्लॅक चेरीला तीन-चार खोडं ठेवली तरी चालतं. फळं जास्त यावीत म्हणून पानं ओरबाडणं ही मात्र मोठी चूक. आपल्या उन्हात उघडी पडलेली फळं भाजतात आणि त्यावर पांढरा चट्टा पडतो. फक्त जमिनीपासून फूटभरातली पानं काढा, म्हणजे मातीचे शिंतोडे उडून करपा चढत नाही.

आणि हो, झाडाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, विशेषतः तंबाखू मळलेला असेल तर. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातावरून टोमॅटोच्या झाडात जाऊ शकतो. जुन्या वाणांना तो लवकर धरतो.

पाणी आणि खत

या वाणांची साल पातळ. चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी भरपूर पाणी सोडलं की फळ आतून फुगतं आणि तडकतं. भारनियमनामुळे पाण्याच्या वेळा बदलत असतील तर झाडाजवळ माठ पुरा किंवा बाटलीचं ठिबक करा. बोट पेरभर मातीत घाला, कोरडं लागलं तर पाणी द्या. हा अंदाज कुठल्याही वेळापत्रकापेक्षा चांगला. बुडाशी उसाचं पाचट, सोयाबीनचं कुटार किंवा पालापाचोळा तीन-चार बोटं जाड पसरा. ओल टिकते आणि पाणी निम्म्यावर येतं. साबणाचं सांडपाणी मात्र देऊ नका.

फळाचं बूड काळं पडलं की बरेच जण अंड्याची टरफलं नाहीतर खडू घालतात. या विकारात फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडतो हे खरं. पण राज्यातल्या बहुतेक काळ्या जमिनींत तो आधीच भरपूर असतो. तो फळापर्यंत पाण्याबरोबर जातो आणि पाणीच अनियमित असेल तर पोचत नाही. म्हणून आधी पाणी सुधारा. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत मात्र लावणीआधी थोडा चुना घालणं उपयोगी ठरतं.

फुलं येईपर्यंत वेगळं खत नको. पहिला घोस धरला की दर १५ दिवसांनी झाडाला दोन-तीन ओंजळी गांडूळखत किंवा लिटरभर जीवामृत द्या. झाड गर्द हिरवं, जाड खोडाचं आणि बिनफुलांचं दिसत असेल तर खत थांबवा.

फुलं गळतात, फळ धरत नाही?

टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, पण पराग सुटायला फूल हलावं लागतं. भुंगा फुलाला लटकून गुणगुणतो तेव्हा पराग झडतो. मधमाशीला हे जमत नाही. भिंतीच्या आडोशाला, जाळीत किंवा गच्चीवर वारा-भुंगे कमी असतील तर सकाळी ९ ते ११ च्या दरम्यान फुलाच्या घोसामागे काठीला बोटाने टिचकी मारा. एक दिवसाआड केलं तरी फळधारणेत फरक दिसतो.

मोठ्या फळाच्या वाणात पहिलं फूल कधीकधी दोन-तीन फुलं चिकटल्यासारखं येतं. त्यातून वेडंवाकडं, चिरा पडलेलं फळ होतं. ते फूल खुडून टाका. एका घोसात तीन-चार फळंच ठेवली तर ती भरतात.

रोग-किडी: रोज पाच मिनिटं बघा

• बोकड्या: शेंड्याची पानं आक्रसतात, वाटीसारखी वळतात, झाड खुंटतं. यावर औषध नाही. झाड लहान असेल तर पिशवी घालून मुळासकट उपटा आणि जमिनीत गाडा. बाकीच्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावा.
• करपा: लवकर येणाऱ्या करप्यात खालच्या पानांवर गोल कड्यांचे तपकिरी डाग पडतात. उशिरा येणारा करपा ढगाळ, थंड, दमट हवेत येतो आणि दोन-चार दिवसांत झाड काळवंडतं. डाग पडलेली पानं लगेच काढा, पाणी पानांवर मारू नका. गरज पडली तर कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला अडीच ग्रॅम फवारा आणि लेबलवर लिहिलेले दिवस जाईपर्यंत फळ खाऊ नका.
• फळ पोखरणारी अळी आणि टुटा: भोक पडलेली फळं, जाळीदार पानं गोळा करून नष्ट करा. कडेने झेंडू लावला तर फळ पोखरणाऱ्या अळीचं मादी पाखरू आधी तिकडे अंडी घालतं.
• मर: हिरवंगार झाड दुपारी माना टाकतं आणि चार दिवसांत मरतं. असं झाड झालं तर त्या मातीत पुन्हा टोमॅटो नको. कोकणात हा त्रास जास्त, तिथे नव्या मातीच्या गोणीत लावणं सुरक्षित.

रसशोषक किडींसाठी ५ टक्के निंबोळी अर्क घरी करता येतो. ५० ग्रॅम निंबोळी पावडर लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून पिळून गाळा, चिमूटभर साबणाचा चुरा घाला आणि त्याच संध्याकाळी फवारा. दुखणं ओळखता येत नसेल तर पानाचा फोटो नुसता ग्रुपवर टाकण्यापेक्षा कृषी सहायकांना किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

तोडायचं कधी?

इथेच नवखे चुकतात. देठाजवळचा हिरवा भाग लाल व्हायची वाट बघत बसलं तर फळ झाडावरच मऊ पडून फुटतं, नाहीतर पाखरं आणि माकडं आधी पोचतात. बुडाकडे बघा. बूड गर्द तांबूस-तपकिरी झालं आणि अंगठ्याने किंचित दबलं की फळ तयार. तडकण्याची किंवा पाखरांची भीती असेल तर रंग फिरायला लागल्यावरच तोडा आणि घरात सावलीत ठेवा, चार-पाच दिवसांत छान पिकतं. फ्रिजमध्ये ठेवू नका, चव जाते.

या टोमॅटोत गर जास्त, आंबटपणा कमी. मीठ लावून कच्चा खायला, कोशिंबिरीला, शेंगदाण्याच्या कुटाच्या चटणीला उत्तम. सार केलं तर रंग तपकिरी येतो आणि थोडं आमसूल घालावं लागतं.

बी राखणं

एकदम निरोगी, चांगलं उत्पादन देणारं झाड निवडा आणि त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली दोन फळं देठाला दोरा बांधून राखून ठेवा. घरातल्यांना सांगून ठेवा, नाहीतर तेच फळ ताटात येतं. टोमॅटो बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतो, पण मोठ्या फुलांत परका पराग येऊ शकतो. खात्री हवी असेल तर फूल उमलण्याआधी घोसाला मलमलची पिशवी बांधा आणि फळ धरलं की काढा.

फळ पूर्ण पिकून मऊ झालं की बिया रसासकट काचेच्या ग्लासात काढा, चमचाभर पाणी घाला आणि सावलीत दोन-तीन दिवस आंबू द्या. रोज हलवा. वर बुरशी येईल, वास येईल, तसंच होऊ द्या. बीवरचं बुळबुळीत आवरण यामुळेच सुटतं. मग पाणी घालून ढवळा. हलकं बी वर तरंगतं ते ओता, तळाशी बसलेलं बी तीन-चार पाण्याने धुवा आणि ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर वाळवलं तर चिकटतं. आठवडाभराने कागदी पाकिटात भरून वाणाचं नाव आणि वर्ष लिहा, पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. कोरड्या, थंड जागी हे बी चार-पाच वर्षं उगवतं. एका मोठ्या फळातून गल्लीतल्या सगळ्यांना पुरेल एवढं बी निघतं.

हे बी दुसऱ्याला द्यायला कायद्याची आडकाठी नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. अट एवढीच की संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने, छापील पाकिटात विकता येत नाही.

नेहमीचे प्रश्न

एकरभर लावलं तर परवडेल का?
आधी गिऱ्हाईक, मग लागवड. फळाची साल पातळ, क्रेटमध्ये दूरवर टिकत नाही. पिंपळगाव बसवंत किंवा नारायणगावच्या बाजारात लाल, कडक, टिकाऊ माल चालतो. तिथे हिरव्या खांद्याचं तपकिरी फळ खराब समजून बाजूला काढलं जाऊ शकतं. शहरातलं हॉटेल किंवा ठरलेली घरं माल घेणार असतील तर दहा-वीस झाडांपासून सुरुवात करावी. व्हिडिओतल्या आकड्यावर कर्ज काढू नये.

काळा टोमॅटो खाऊन मधुमेह किंवा कॅन्सर बरा होतो का?
नाही. टोमॅटो ही चांगली भाजी आहे, औषध नाही. चालू गोळ्या बंद करू नयेत.

चार झाडांनी असा काय फरक पडतो?
जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारात टोमॅटो अनेक शहरांत किलोला दीडशे-दोनशे रुपयांवर गेला होता आणि भाव पडला की हाच टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. जुलैत ही झाडं फळ देणार नाहीत हे खरं. पण हिवाळाभर घरची कोशिंबीर परसातली होते, आणि बरणीत बी शिल्लक राहतं. पुढच्या ऑगस्टला पाकीट शोधत फिरावं लागत नाही, उलट शेजारीच बी मागायला येतात.